निळी वही आणि तपासनीस बाई

४ ऑगस्ट, सोमवार

लिही — आजीला भीती वाटते. लिहिलंस? पेन चावू नकोस, पुढच्या महिन्यातही लागणार आहे!

घरी शिकणाऱ्या मुलांच्या तपासणीचं पत्र आलंय. बावीस तारखेला तपासनीस बाई येणार. सुनेनं अर्जात लिहून ठेवलंय, ‘दिवसा आजी शिकवतात.’ आजी! जिला स्वतःचं नावही वाचता येत नाही. सून म्हणते, “अहो आई, मी दिवसभर कामावर. मग कुणाचं नाव घालू? मांजराचं?”

हे बाईंना कळलं तर नात परत शाळेत. तिथे दीड वर्षात पोरीनं एक ओळ लिहिली नाही. रोज सकाळी उलट्या. ‘कुठली पोर’ काय विचारतेस? तूच! लिही.

७ ऑगस्ट, गुरुवार

दर गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर घरी शिकणारी मुलं जमतात. नऊ घरं. ज्याला जे येतं ते त्यानं सगळ्यांना शिकवायचं. सुतारदादा मोजमाप, नर्सबाई हाडं. पुस्तकांची पेटी घरोघर फिरते. मी चाळीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केली, म्हणून चादरीच्या घड्या घालून निम्मं, पाव, अर्धपाव शिकवते. ही वहीसुद्धा नर्सबाईंचीच युक्ती. “आजी, तुम्ही बोला, तिला लिहू द्या. तुम्हाला ती बुजत नाही.” तेव्हापासून नात माझी कारकूनबाई.

आज सुतारदादाला हळूच सांगितलं, मला अक्षर येत नाही. त्याच्या तोंडातला खिळा पडता पडता राहिला. “काकू, कुणाला बोलू नका. चष्मा लावून बसा.” झालं! आता घाबरणारे दोघं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चष्मा लावून पाहिला. अक्षरं मोठी होतात, ओळखीची होत नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

पेटीतला बेडकाचा धडा पाठ करतेय. कारकूनबाई वाचतात, मी घोकते. पान कुठे उलटायचं तेही. “आजी, बोट हळू फिरव, बेडूक अजून अंड्यातच आहे!” — मला शिकवते!

भीतीनं बोट ओळ सोडून पळतं. तापलेली इस्त्री धरताना कधी पळालं नाही. हे पोरीला कळू द्यायचं नव्हतं. आता तर तिच्याकडूनच लिहून घेतलं. शहाणीच आहे मी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या. बेडकाची शेपटी आधी झडते की पाय आधी फुटतात, तेही विसरले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार (सुट्या कागदावर)

बाईंनी मला वाचायला सांगितलंच नाही! चादर बघितली. पोरीला विचारलं, अर्धपाव दाखव. तिनं तीन घड्यांत दाखवला. मग म्हणाल्या, “वह्या द्या, नेऊन बघते.” पोरीनं ढीग उचलून दिला. दार लागलं नि माझ्या जिवात जीव आला.

मग आपली वही शोधायला गेले. निळी. कोपऱ्यावर इस्त्रीचा चटका, हाताला लगेच कळतो. खाटेखाली नाही. पेटीत नाही. बाईंच्या पिशवीत! माझी भीती, चष्मा, पाठ केलेला बेडूक — सगळं माझ्याच तोंडचं, माझ्याच नातीच्या अक्षरात!

सून पांढरीफटक. मी बजावलं — पोरीला कुणी बोलायचं नाही. लेकरू गडबडलं, वही चुकून गेली. मी वही लिहून घ्यायला बसलेच नसते तर! आता हिला परत त्या शाळेच्या फाटकात कुठल्या तोंडानं सोडू?

२६ ऑगस्ट, मंगळवार (सुटा कागद)

पत्र नाही. जिन्यात पाऊल वाजलं की काळजात धस्स होतं. कारकूनबाई मात्र शीळ घालतात. काळीज आहे की दगड गं?

१ सप्टेंबर, सोमवार

आज आजी सांगत नाहीये. हे माझं मीच लिहितेय.

वही परत आली. वर्षभर घरी शिकायची परवानगीपण आली. आजी सुतारकाकांना फोनवर सांगतेय, “पोरीच्या हातून चुकून गेली हो!”

बाकीच्या वह्यांत मी नुसतं पुस्तकातलं उतरवलं होतं. ही मीच ढिगात सगळ्यांत वर ठेवली.