रिकाम्या कोठाराच्या फटी

१६ जून

अजून नाही! कंदांचं कोठार तसंच रिकामं उभं. नवे ओंडके, अंगणाच्या मधोमध, आणि फटीफटीतून आरपार दिसतंय. शेजारची म्हातारी बोमासी येता-जाता डोकावते. आज म्हणाली, "काय गं, यंदा वारा भरून ठेवलायस वाटतं?" हसायला बाकीच्या होत्याच.

आमच्यात लग्न झालेल्या बहिणीचं कोठार भरायचं ते तिच्या भावानं. माझ्या भावानं, मोनाविसानं, कधी चुकवलं नाही. पण यंदा रान साफ करताना त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली. बागेत तण माजलं असणार. विचारू कसं? बहिणीनं भावाला हे तोंडावर विचारायचं नसतं.

१९ जून

हाताला काम लागत नाही. केळीच्या पानांचे जुडगे बांधायला घेतले, टाकून दिले.

२४ जून

आज नवऱ्याला म्हटलंच— "तुझ्या बागेतले थोडे कंद आणून ठेव ना. निदान खालचा थर."

तोकुनासा उसळला. "वेडी आहेस? आपलंच पीक आपल्याच कोठारात? तुझ्या भावानं मग तोंड कुठे लपवायचं?" मग जरा खाली येऊन म्हणाला, "आणि माझं पीक इबोसेलाचं आहे."

इबोसेला म्हणजे माझी नणंद. याच्या आईच्या बियाण्याचे लांब, तांबूस कंद दरवर्षी तिच्या दारी जातात. तिला काय! तिचा भाऊ धडधाकट आहे. मला तिचा राग आला. उगाच आला, पण आला.

२८ जून

बोमासी आज डोकावलीच नाही. ते जास्त लागलं.

३ जुलै

नवरा भल्या सकाळी बागेत जातो, मान खाली घालून परत येतो. "रानडुकरं शिरली," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं. माझं लक्ष होतं कुठे! कान माहेरच्या वाटेकडे.

९ जुलै

आले! आले! शंख ऐकला आणि मी हातातलं सगळं टाकून धावले. माहेरची माणसं आरोळ्या ठोकत आली, खांद्यांवर टोपल्या. मागून मोनाविसा, लंगडत. त्यानं ना माझ्याकडे पाहिलं ना तोकुनासाकडे. दुखत असेल पाय.

अंगणात ही एवढी रास! आणि कंद काय लांब! त्याच्या खडकाळ बागेत? असो. बोमासी म्हणाली, "वारा बराच जड निघाला गं!" मी पोटभर हसून घेतलं.

नवऱ्याचं मात्र काहीतरी भलतंच. लांब कंद आत लावतोय, आखूड बाहेर! असं कुणी करतं? दाखवण्यासारखे असतात ते फटीशी नकोत? मी म्हटलं, "काढ ते. सगळे काढ." तो नको नको म्हणत होता. मी ऐकते की काय! शेवटी लांब कंद पुढे लावून घेतले तेव्हाच जेवले.

१५ जुलै

इबोसेला आली होती. तिचं कोठार यंदा रिकामं. डुकरांनी खाल्लं, असा तिच्या भावाचा निरोप.

आमच्या कोठारापाशी बराच वेळ उभी राहिली. मग फटीतून बोटं घालून एका कंदावरची माती पुसली.

"वहिनी," म्हणाली, "हे तर आमच्या आईचं बियाणं."