माझ्या नावाची तार

४ मार्च
धक्क्यावर दगड उभारणार म्हणे! लढाईत बुडालेल्या मालवाहू जहाजांवरच्या माणसांची नावं त्यावर कोरणार. फाटकावर नोटीस लागलीय — घरच्यांनी पंधरा तारखेपर्यंत बंदर कचेरीत येऊन यादी तपासावी. इतक्या वर्षांनी जाग आली!
यादीत दादा नसणार. मी असणार. आणि मी तर इथे ताडपत्र्या शिवत बसलोय.

५ मार्च
आजवर कुणाला सांगितलं नाही. इथे लिहितो.
जहाज सुटायच्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. हजर झालो नाही तर नाव कायमचं कटणार. दादा म्हणाला, "तुझं पुस्तक दे इकडे. फोटोत दोघंही माकडंच दिसतो आपण." खलाशाचं पुस्तक — फोटो, अंगठा, शिक्का. नीट बघतंय कोण! आमच्यात सर्रास चालायचं, एकाच्या पुस्तकावर दुसरा जायचा.
अकराव्या दिवशी पाणबुडीने जहाज फोडलं. एकही वाचला नाही. तार आली ती मी मेल्याची! मी खाटेवर पडलेला, आणि आई तार हातात धरून माझ्याकडे बघतेय. क्षणभर मला हसूच आलं. मग दारात वहिनी दिसली. तेव्हाच्या हसण्याची अजून लाज वाटते.

७ मार्च
दादा गेला हे वहिनीने कधी मानलंच नाही. मी तेव्हा अन्न टाकलं होतं. दिवसभर धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसायचो. एकदा ती शोधत तिथे आली. "भाऊजी, घरी चला. तार तुमच्या नावाची आलीय, यांच्या नावाची नाही. हे ऐनवेळी दुसऱ्या जहाजावर चढले असतील. येतील बघा."
त्या बोलण्यावर मी उठलो, जेवलो, कामाला लागलो. ती मात्र तिथेच अडकली. दादाचे तीन शर्ट अजून धुते, इस्त्री करते. मी एकदा घालायला मागितला तर म्हणाली, "पोट बघा आधी स्वतःचं!"

१० मार्च
दादाचं नाव लावायचं तर तो गेला हे लिहून द्यावं लागेल. वहिनीला कळणारच. या वयात तिची आस तोडू? आणि नाही लावलं तर दादा कुठेच नाही. माझ्या नावाखाली बुडाला, माझ्याच नावाखाली राहील. मला फार अपराधी वाटतं.

१२ मार्च
"चेहरा का उतरलाय, भाऊजी?"
"दात दुखतोय."
"उरलेत तीन, त्यातला कुठला?"
हसलो दोघं. तिला फसवतोय, दुसरं काय!

१४ मार्च
ठरवलं. उद्या जातो. दादाला त्याचं नाव मिळालंच पाहिजे. वहिनीच्या पाया पडेन.

१५ मार्च
यादीत दादाचंच नाव आहे.
कारकूनबाईंनी जुनी फाईल काढून दाखवली. अर्ज लढाई संपली त्या वर्षाचा. खाली वहिनीची सही. "जहाजावर माझे पती होते. ते गेले हे मला ठाऊक आहे. नाव दुरुस्त करावे, पण घरी काही कळवू नये. मी हे बोलून दाखवले तर धाकटा दीर जिवाचे बरेवाईट करून घेईल."