गळ्याची गुंडी

९ नोव्हेंबर

यायले, माझ्या नवऱ्याले, प्रेम झालं. चौपन्नाव्या वर्षी! लिहिताना लाज वाटून राह्यली, पण बोलू कोणाजवळ? अमरजवळ? बापाची अशी गोठ पोराजवळ करता येते काय. म्हणून त्याचीच शाळेतली उरलेली वही काढली.

खुणा पाहून राह्यली मी, दसऱ्यापासून. जेवण अर्ध्यात सोडतात. बसल्या बसल्या उसासे. वावरातून घरी येताना चढावर चिंचेपाशी थांबतात आन् मोबाइल पाहत उभे राह्यतात. कोणाचा होय फोन, म्हटलं. "कोणाचा नाई. चाल तू, आलोच." आन् थंडीच्या दिवसात सदऱ्याची गळ्याची गुंडी उघडी! कॉलेजातल्या पोट्ट्यावानी.

१२ नोव्हेंबर

नाव कळलं. भाग्यलक्ष्मी. बाजारात आमच्या बाजूले टमाटे घेऊन बसते ती. नवरा दोन वर्षांखाली वारला तिचा. शेजारची वच्छलाबाई सांगत होती – "उत्तमरावचं टोपलं तीच उतरवते वो ऑटोतून." काऊन? तीस वर्षं वांग्याचं भरलं टोपलं यायनं एकट्यानं उतरवलं. आता बाई लागते.

ऐकलं तवापासून छातीत जळून राह्यलं. जळकुकडी म्हणा मले. हावच मी.

१५ नोव्हेंबर

मीच गेली बाजारात. यायच्या बाजूले सांबाराच्या जुड्या मांडून बसली, कोथिंबीर विकाले नाई, पहारा द्याले. ती आली. मले "अक्का" म्हणे. मले वाटलं होतं कोणी नटवी असन. ही तर साधी, उन्हानं रापलेली, पायाले भेगा. त्यानं जास्तच राग आला. नटवी असती तर चार दिवसांची हौस म्हटली असती.

मग दोघांचं तेलुगूत गुलुगुलु सुरू. हे इथलेच, आदिलाबादकडचे, तेलुगू शाळेत शिकले. माझं माहेर महाराष्ट्रातलं, किनवटकडचं, मले भाव आन् वजनापुरती येते. पण दोन शब्द बराबर पकडले. "गुंडे जाग्रत्ता." जाग्रत्ता म्हंजे सांभाळा, हे मले ठाऊक हाय. म्हंजे गुंडी सांभाळा! माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंडीची काळजी इले.

१६ नोव्हेंबर

सगळ्या सदऱ्यांच्या गळ्याच्या गुंड्या दुहेरी दोऱ्यानं पक्क्या केल्या. काजाले दोन-दोन टाके घातले, छेद बारीक केला. एकदा लावली का सहज सुटायची नाई. बाहेर जाताना मीच लावून देते. "गळा आवळते वं," म्हणे.

आवळू द्या, म्हटलं.

२० नोव्हेंबर

आज सरळ विचारलं. कोण लागते ती तुमची? हे खाली पाहत राह्यले. "कोणीच नाई, मनकर्णा." कपाळावर घाम फुटला. थंडीचे दिवस, आन् घाम! खोटं बोलता येत नाई यायले, कधीच आलं नाई.

दिवसभर दातावर दात दाबून माझा जबडाच दुखून राह्यला. संध्याकाळी डोक्यावर टोपलं घेऊन चढ चढली तवा तर कानापर्यंत कळ गेली. घरी येऊन बसली, मग दुखायचं राह्यलं. राग बी आता अंगावर येऊन राह्यला.

२४ नोव्हेंबर, आदिलाबाद, दवाखान्याचं बाकडं

परवा बाजारात हे टोपल्यापाशी वाकले आन् तसेच खाली बसले. चेहरा राखेसारखा. डावा हात धरून. "ग्यास झाला," म्हणे. मी पिशवीतला ओवा काढला, सोडा आणाले धावली. भाग्यलक्ष्मीनं माझा हात धरला. "अक्का, ग्यास लेदु, ग्यास नाई. गुंडे." आन् स्वतःच्या छातीवर थापटलं, दोनदा. "गुंडे!"

तवा समजलं. तेलुगूत गुंडे म्हंजे काळीज.

गुंडी सोडाले गेली तर सुटेना. माझीच गुंडी, माझेच टाके. हे तोंड उघडून श्वास घेत होते. भाग्यलक्ष्मीनं जुड्यांची सुतळी कापायचा चाकू घेतला आन् सदरा गळ्यापासून चिरला. तिनंच १०८ ले फोन केला. हे उठतो म्हणत होते, तिनं उठू देलं नाई. गाडीत चावाले गोळी देली, इथं रक्ताची गाठ विरघळवाचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणे, अर्धा तास उशीर झाला असता तर!

चिरलेला सदरा पिशवीत हाय. गुंडी अजून पक्की.

२७ नोव्हेंबर, हैदराबाद

एक नस पूर्ण बंद होती, दुसरी अर्धी. मनगटातून तार घालून बंद नसेत जाळी बसवली. अमरले टीव्हीवर दाखवलं – पैले काळं, मग रक्त वाहून राह्यलं. दुसरीले सध्या गोळ्या.

डॉक्टर बाई मराठीच होत्या, त्यायनं आमाले बसवून विचारलं, चालताना छाती दाटून यायची काय, थांबलं का बरं वाटायचं काय? मले चिंच आठवली. मोबाइल आठवला. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना छातीतच दुखतं असं नाही. बायकांना तर कधी कधी नुसती जळजळ होते, जबडा दुखतो, पाठ दुखते. त्या अंगावरच काढतात." अमर लिहून घेत होता.

२ डिसेंबर

घरी आलो. आज विचारलंच. तिले सांगितलं, मले काऊन नाई?

"तिनंच ओळखलं. तिचा नवरा असाच थांबत थांबत चालायचा. सोडा पिऊन निजला तो, उठलाच नाई. डॉक्टरकडं जा म्हणून रोज मागं लागायची. मी म्हटलं, कापूस निघू दे, मग जातो. तवर घरी सांगू नको."

घरी सांगू नको! म्हंजे मले. प्रेम नव्हतं, तरी जळते. तीस वर्षं भाकरी मी खाऊ घातली आन् काळजाची गोठ टमाटेवालीजवळ. "तू घाबरली असती," म्हणे. मी काय लहान लेकरू होय? जीव वाचवला तिनं, पाय धरीन तिचे. पण हे माफ होत नाई. लिहून ठेवते, होत नाई.

९ डिसेंबर

भाग्यलक्ष्मी भेटाले आली. चहा देला. आमाले एकमेकीची भाषा पुरत नाई, म्हणून दोघी यायच्याकडं पाहत बसलो. जाताना मी तिचा नंबर घेतला. कशाले, ठाऊक नाई.

यायच्या गळ्याची गुंडी आता उघडीच राह्यते. मीच उघडते.

१७ डिसेंबर

वावरातून येताना चिंचेपाशी थांबली. टोपलं बी नव्हतं डोक्यावर, रागही नव्हता कोणाचा. तरी तेच – छातीत जळजळ, जबडा, कानापर्यंत कळ. बसली, तर दुखायचं राह्यलं.

हे ओसरीत पाय वर करून बसले होते, मले पाहून हसले. मी परसात जाऊन भाग्यलक्ष्मीले फोन केला. "गुंडे," एवढंच म्हटलं. ती समजली. "बस अक्का, चलू नको. ऑटो आणते."

घरी सांगू नको, म्हटलं तिले.