बाजाराच्या दिवशी पदवीदान

मॅडम, आज स्टाफरूममध्ये पदवीदानाची बैठक होती. यंदाच रुजू झालेल्या तरुण सरांनी आखणीचा कागद पुढे सरकवला. शनिवारी पालकांचा मेळावा आणि जेवण, रविवारी पदव्या. पाहुण्यांनाही तेच सोयीचं. कागद बघता बघता माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला, "पोरांच्या आया येतील का शनिवारी?" सर गोंधळले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा टोमणा अजून कॉलेजच्या नोकरीत आहे.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. बातमीदार गाड्या घेऊन गावोगाव हिंडत होते आणि मी इथे मंडपाचा रंग ठरवत होते. नुकतीच एम.ए. झालेली, त्याच समारंभात पदवी घेणार, आणि विभागप्रमुख म्हणून तुम्ही आखणी माझ्याच गळ्यात घातलेली. मी फाइल केली होती देखणी! शनिवारी मेळावा, रविवारी पदव्या, खुर्च्यांचा नकाशा, गाऊनची मापं, जेवणात आलूवांगं. तुम्ही सगळं वाचलंत आणि चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की आमचं काही खरं नसायचं.

"तुझी आई काय करते ग?"

"वेचणीला जाते."

"मग शनिवारी येईल?"

वेचणीच्या दिवसांत बायांना सुट्टी एकच, इथल्या बाजाराची, मंगळवारची. एरवी एक दिवस खाडा केला की दुसऱ्या दिवशी तिच्या ओळीत दुसरीच बाई कापूस वेचताना दिसते.

"माझं जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. मले नाही सुचलं तर चालते. तुले काहून नाही सुचलं? एवढी शिकली अन् आईचा दिवसच विसरली?"

मी रडले. तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत, सरळ लाल पेनानं शनिवार खोडलात. दोन दिवसांचा कार्यक्रम एका मंगळवारात कोंबलात आणि त्यासाठी प्राचार्यांशी तावातावानं भांडलात. ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. पदव्या शेवटी आपल्या निवृत्त ग्रंथपालांच्या हातून दिल्या.

आणि मंडप भरला, मॅडम. खुर्च्यांखाली रिकाम्या पिशव्या, समारंभ आटोपून बाजारात जायची प्रत्येकीला घाई. माझी आई पहिल्या रांगेत, तुमच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. मी पदवी घेऊन खाली येते तर ती गाऊनकडे बघत म्हणते, "एवढ्या उन्हात हे काळं कायले घातलं व माय?" तुम्ही खो खो हसता. ती माझ्या पाठीवरून हात फिरवते. बोंडांनी तिच्या बोटांची टोकं फाटलेली, गाऊनचं गुळगुळीत कापड त्यांना अडकतं, खरखर होते. मी जरा बाजूला सरकते. म्हणते, "भाड्याचा आहे गाऊन." ती लगेच हात पदराला पुसते आणि मागे घेते. हात स्वच्छच होता.

आज सरांनी विचारलं, "तुम्हाला हे मंगळवारचं कसं सुचलं?" मग मी नेहमीची गोष्ट सांगितली. मी कशी विसरले होते, तुम्ही माझे डोळे कसे उघडलेत. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते, आणि ऐकणाऱ्यांना ती आवडते. याही वर्षी मंगळवारच ठरला.

पण मी विसरले नव्हते, मॅडम. शनिवार मी मुद्दाम धरला होता, ती येऊ नये म्हणून. तिच्या भेगाळलेल्या पायांची, तिच्या बोलण्याची मला लाज वाटत होती, आणि सर्वांत जास्त तुमच्यासमोर. हेच सांगायला तुमच्या आजारपणात दोनदा घरी आले होते. दोन्ही वेळा पेरू ठेवून परत गेले.