अगरबत्तीनंतरचा स्कॅन

सोमवार, ५ जानेवारी

सीपीयूवरचा लाल दिवा सकाळपासून विझलेला नाही. एरवी लुकलुकतो. आज ठाण मांडून बसलाय. आतून घरघर. पासपोर्ट फोटोला एक मुलगी आली होती. फोटो मशीनमध्ये उघडेपर्यंत तिचा बाप बाजारात चहा पिऊन परत आला. म्हणाला, दुसरीकडे जातो. गेले.

शेजारून रुखसानाआपा डोकावली, शिलाईचं दुकान तिचं. "तेरा मशीन मेरी सास जैसा है बाई. काम कुछ नहीं, बड़बड़ दिनभर."

हसले. पडद्यामागच्या खोलीत सासूबाईंनी ऐकलं असणार. ऐकू दे.

बुधवार, ७ जानेवारी

सकाळचं नेहमीप्रमाणे. शटर, झाडू, कॅमेऱ्याला आणि मशीनला अगरबत्ती, मग अँटिव्हायरस उघडून पूर्ण स्कॅन. हे असंच करायचे. आधी देवाचं, मग याचं, म्हणायचे. हे गेले, क्रम तोच ठेवला. त्यांच्या कामातलं पहिल्या दिवसापासून मला येत होतं ते एवढंच, बटण दाबणं.

आज दुपार झाली तरी स्कॅन संपेना. ध.ना फोन केला. (धाकटे दीर धनराज. अक्कलकुव्याला मोबाइलचं दुकान.) म्हणे, "वहिनी, भंगार शे ते मशीन. भंगारमा दे आन् गाळा माले दे." हसत म्हणतात. दर वेळी हसतच म्हणतात.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज स्वतःच बघायचं ठरवलं. वाचायला मी लग्नपत्रिकांवर शिकले. लग्न होऊन इथे खापरला आले तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती. हे स्टुडिओत पत्रिकाही छापून द्यायचे, मी नावं जुळवत बसायची. चि., चि. सौ. कां., तिथून सुरुवात. इंग्रजी पत्रिका आमच्याकडे कमी, म्हणून इंग्रजी कच्चं राहिलं. तरी अक्षर अक्षर लावून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के, लाल. सगळ्यात वर दोन नावं. एक यांनी टाकलेला जुना अँटिव्हायरस. दुसरा नवा, दिवाळीत ध. टाकून गेले तो. जुना त्यांनी काढलाच नव्हता.

म्हणजे असं. एकाने फाइल उघडली की दुसरा त्याचा हात धरतो, तपासतो. दुसऱ्याने उघडली की पहिला धरतो. दोघांचा एकमेकांवर भरवसा नाही आणि धावते ती डिस्क.

घरात मी आणि सासूबाई. दुसरं काय.

रविवार, ११ जानेवारी

दुकान बंद. हेडफोन लावून क्लिपा ऐकल्या.

यांचा एकही व्हिडिओ नाही. गावाची लग्नं काढली, स्वतः कधी चौकटीत आले नाहीत. तयार व्हिडिओवर गाणी चढतात, तिथे यांचा आवाज पुसला जातो. राहतो फक्त कच्च्या क्लिपांत. "ओ मामा, आठे देखा." "नवरीबाई, मान वर." खोकला. एका हळदीत मी यांचा डबा घेऊन गेले होते, त्या क्लिपमध्ये, "उनी का तू? बस, थकी गयी व्हशी." आलीस का, बस, थकली असशील, एवढंच. चित्रात नुसता मांडव हलतोय. मी ती किती वेळा लावते ते लिहीत नाही.

सासूबाई पडद्याशी येऊन उभ्या. मोतीबिंदू बिघडल्यापासून त्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो.

"काय आयकी ऱ्हायनी वं?"

"काही नाही माय. मशीन बिघडलंय."

"मशीन तं चाली ऱ्हायनं. मी आंधयी शे, बहिरी नही."

यांच्या दहाव्याला, पंगत बसलेली असताना, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या होत्या, "हाई घरमा उनी तैनपाईन मन्हा आंडोर सुकी गया." वाढणाऱ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात वरणाची बादली होती. मी वाढत राहिले. तुमचा मुलगा माझ्यामुळे सुकला ना. मग माझ्याकडे उरलाय तो आवाज माझा.

मंगळवार, १३ जानेवारी

क्लिपा पेन ड्राइव्हवर घ्यायला बसले. घरघर वाढली, हिरवी पट्टी जागेवरच. प्रत्येक क्लिप दोन्ही पहारेकरी उघडून बघणार, मग सोडणार. यादीतली पहिली एक गेली, पुढची अडकली, मग माउससुद्धा हलेना. शेवटी रद्द केलं. गेलेली क्लिप कोणती, तेही बघितलं नाही. पेन ड्राइव्ह कुंकवाच्या करंड्यात ठेवला. करंडा तसाही रिकामाच असतो.

शनिवार, १७ जानेवारी

ध. आले. कामात हुशार आहेत, तोंडाने नाहीत. आल्या आल्या मशीनला कान लावून, "भाऊना मायकच धाप लागी ऱ्हायनी इले." भावासारखीच धाप. सासूबाई पलीकडे ऐकत होत्या, मी समोर उभी. त्यांना काही वाटलं नाही. चहा मागितला.

मग नीट सांगितलं. पहारेकरी एकच पाहिजे. जुन्याची मुदत कधीच संपलेली, तो काढायचा. क्लिपांचा फोल्डर तपासणीतून वगळायचा. आणि, "रोज पूरा स्कॅन कसाले लावस? डिस्क म्हातारी शे. अशी पळाडशी तं मरी जाई ती."

जुना त्यांनीच काढला. जाता जाता तो पडद्यावर विचारतो, का काढताय, कारण निवडा. ध.नी न वाचता पहिल्यावर टिचकी मारली. मी वाचत होते. एकही कारण आमचं नव्हतं.

दिवा लगेच शांत झाला. लुकलुक. लुकलुक.

निघताना म्हणाले, "क्लिपा आत्तेच मोबाइलमा टाकी लेस मी. मायले बी आयकाडसू."

मी म्हटलं, आज नको भाऊजी. वर्षश्राद्ध होऊ द्या.

"कसाले?"

होऊ द्या म्हटलं ना.

मंगळवार, २० जानेवारी

मशीन नव्यासारखं. फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाईक खुर्चीवरून उठलेलंही नसतं. आपा म्हणाली, "सास सुधर गयी तेरी." मोठ्याने म्हणाली.

शनिवारपासून सकाळचा स्कॅन नाही. अगरबत्ती लावते आणि हात तिथेच राहतो. दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं. गॅस चालू राहिलाय का, शटर उघडं राहिलंय का, तसं.

शुक्रवार, २३ जानेवारी

वर्षश्राद्ध. पाहुणे येण्याआधी दुकान उघडलं. झाडलं. अगरबत्ती. आजच्या दिवशी तरी त्यांचं सगळं त्यांच्यासारखं व्हावं म्हणून

दाबलं.

नवा पहारेकरी एकटाच होता, काही बिघडणार नाही वाटलं. डिस्क सुरुवातीला बरी धावली. मी पुऱ्या लाटायला आत गेले. भटजी आले, पिंड झाले, घास ठेवला. कावळा लवकर शिवला. बायका म्हणाल्या, काही राहिलं नाही त्याचं, सुटला.

सगळ्यात आधी सासूबाईंनाच ऐकू आलं. पंगतीत मान वर केली. "टक टक काय करी ऱ्हायनं वं ते?"

गेले तर मशीनचा पडदा निळा. आत टक, टक, टक, मग बंद. पुन्हा टक. ध. बोटं चाटत मागे येऊन उभे राहिले. "स्कॅन लावं का तू?"

त्यांनी मशीनची वायर काढली आणि जिलबी घ्यायला परत गेले.

बुधवार, २८ जानेवारी

नंदुरबार. दुरुस्तीवाल्याने डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघितली. कानाशी धरून हलवली. "रोज पूर्ण स्कॅन कोण लावायचं?"

मी.

"कमजोर होतीच ती. पण तुम्ही पळवून पळवून मारली." वाईट वाटून नाही म्हणाला. कामाचं बोलत होता. आतली तबकडी घासली गेली आहे, सुरतला पाठवली तरी कोरीच परत येईल, पाठवू नका.

मशीनला नवी डिस्क बसवून दिली. या जातीत फिरायला काही नसतं म्हणे. म्हणून वेगही आहे आणि आवाजही नाही.

बसमधून ध.ना फोन. "त्या दिशी मोबाइलमा टाकू देती ना वहिनी, आज तुन्हाजोडे ऱ्हाता त्या." आणि मग, "मायले काय सांगशी आते?" फोन ठेवला. पुढे अक्कलकुवा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारची बाई पिशवीतले पेरू मोजत होती.

ज्या दिवशी नको म्हटलं त्या दिवशी मला एवढंच हवं होतं की सासूबाईंच्या कानावर यांचा आवाज पडू नये. आता माझ्याही कानावर नाही. "उनी का तू? बस, थकी गयी व्हशी." आवाज आठवायला जाते तर ध.चाच आवाज येतो. सख्खे भाऊ होते, येणारच.

रविवार, १ फेब्रुवारी

करंडा आठवला. पेन ड्राइव्ह.

लावला. एकच क्लिप. डब्याची नाही.

यांच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, धडगावकडच्या रस्त्यावरचं. अंतरपाट धरलेला. नवरदेवाच्या थेट समोर कॅमेऱ्याकडे पाठ करून सासूबाई उभ्या, मान पुढे काढून, दिसावं म्हणून. तेव्हा नुकतं कमी दिसायला लागलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मग यांचा आवाज, माइकच्या अगदी जवळ, चिडलेला. "माय! सरक ना बाजूले! कितला दाव सांगू? आंधयी शेस का तू?"

मंडपात कुणीतरी हसतं. सासूबाई बाजूला होतात. होता होता त्यांचा हात हवेत खांब शोधतो. क्लिप संपते.

यांचं एवढंच राहिलं जगात. पुन्हा लावली. पुन्हा. चिडलेला असला तरी त्यांचाच. डोळे पुसताना आपाने बघितलं, तिला सांगितलं काय सापडलं ते.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी आपा कापड मोजता मोजता सासूबाईंना सांगून बसली. "अम्मा, बेटे का आवाज मिला इसको. कल रो रही थी." वाईट मनाने नाही सांगितलं. तरी तिची जीभ कापावी वाटली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सासूबाई आंघोळ करून, केस विंचरून, हात भिंतीला लावत लावत आल्या. गिऱ्हाइकाचं स्टूल चाचपून त्यावर बसल्या.

"लाव."

मशीन बंद आहे माय, म्हटलं.

कान टवकारून बसल्या. नव्या डिस्कला आवाज नाही. टकटक नाही, घरघर नाही. मशीन चालू होतं, दिवा त्यांच्या तोंडासमोर होता. आता मी जन्मभर बंद आहे म्हणू शकते. त्यांना कधी कळणार नाही.

"बंद शे तं तू काय देखी ऱ्हायनी?"

त्यांना कसं कळलं कोण जाणे. मग माझ्याकडे नाही, मशीनच्या दिशेने, "मन्हं नाव लेस का तो?"

हो. तुम्हालाच हाक मारतात.

आजवर त्यांच्याशी इतकं खरं बोलले नव्हते. त्यांनी पदर सारखा केला, जसा कुणी मोठं माणूस घरात आल्यावर करतात. तोंडावर जे आलं ते मी या घरात आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. "हाक मारस? मंग लाव ना वं. लाव."

दहाव्याची पंगत आठवली. वरणाची बादली. सगळ्यांच्या देखतचं सगळ्यांच्या देखत फेडायचं तर आपा दारातच आहे, ऐकायला उभी. मला काही बोलायचंही नाही. त्यांचा आंडोरच बोलेल.

थांबा, चालू होतंय, म्हटलं आणि हे लिहायला घेतलं. स्टुलावर ताठ बसल्यात, हात मांडीवर, फोटो काढायला आल्यासारख्या. हेडफोन माझ्या गळ्यात आहे. पिन ओढली की आवाज दुकानभर होतो. अर्धी ओढलेली आहे.