घमेलं वाजलं नाही

बाबा, ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, शाळेत मास्तर आहे, घरी थोडी खारजमीन आहे. तुम्ही असतात तर आधी त्यांच्या बांधावर जाऊन माती चिमटीत धरून पाहिली असतीत आणि मग मुलाकडे वळला असतात. आम्ही नुसता मुलगा पाहिला. मुलगा चांगला आहे, बांधाचं मला कळत नाही. काल संध्याकाळी पनवेलच्या खोलीत मी शाळेच्या वह्या तपासत होते, तेव्हा ताईची पोर माझ्याजवळ येऊन बसली. तपासलेल्या वह्या एकावर एक रचत म्हणाली, "मावशी, तू होतीस ना तिथं? माझ्या बाबांनी कुणाला हाक मारली होती का?" वीस वर्षांची झाली पोर, पण आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं. ते लगेच गेले." आणि पुढची वही ओढली. त्या वहीत मी काय तपासलं, देव जाणे. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून आज शाळेत रजा सांगून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

बांधाचा मान आपल्या घराकडे होता. उधाणात बांध फुटला, त्याला खांड पडली, की सगळं गाव तुमच्या तोंडाकडे बघायचं. घरटी एक पुरुष, एक घमेलं, आणि ढेपा पुढे सारायला बायका. भरती परत यायच्या आत ओहोटीतच खांड बुजवायची, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची तीन वर्षं भाताचं नाव नाही. चिखलाची शेवटची ढेप तुम्ही ठेवायचा, खाडीला नारळ द्यायचा, आणि मग सगळ्यांनी घराकडे निघायचं. मागे वळून बघायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण बुजवलेल्या खांडीवरून येते ती हाक खाडीची असते, ती ओळखीच्या आवाजात बोलावते. खरंच कुणी अडकलं असेल तर त्यानं तोंड उघडायचं नाही, घमेलं वाजवायचं. घमेलं वाजलं की सगळ्यांनी उलटं धावायचं. मी आठनऊ वर्षांची असताना बांधावरून मैत्रिणीला नावानं हाक मारली होती, तेव्हा तुम्ही माझ्या थोबाडीत मारली होती. तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. मग मला खांद्यावर घेऊन घरी येताना म्हणालात, "खाडीला तोंड हाय, बाय. घमेला नाय." हसू येईल असं वाक्य आहे ते, पण मला कधी आलं नाही.

पनवेलला शिकायला गेल्यावर मात्र यायला लागलं. तुम्हीच पाठवलंत. गावातली एकही मुलगी पाटी घेऊन बाहेर पडली नव्हती, आणि तुम्ही मला ताईच्या सासरी ठेवून सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलंत. भावजी भातगिरणीत पट्टे बसवायचं काम करायचे. शिकलेले बेताचेच, पण शहरात वाढलेले, कपड्यांना इस्त्री, बोलण्यात थट्टा. मला 'मेहुणबाई' म्हणायचे आणि माझ्या परीक्षेची काळजी माझ्यापेक्षा जास्त करायचे. पावसात पुस्तकं भिजतात म्हणून त्यांनी मला बायकी छत्री आणून दिली होती. त्या घरी मी 'नाय' म्हणायचं सोडलं आणि 'नाही' म्हणायला लागले. गावच्या गोष्टी निघाल्या की भावजी गमतीनं विचारायचे, "तुमच्या खाडीला माझं नाव माहीत आहे का?" मीही हसायचे. मला आपल्या गावची लाज वाटायला लागली होती, बाबा. आता लाजेची लाज वाटते, पण तिचा काही उपयोग नाही.

ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, तिच्यासोबत मीही. बाराव्या दिवशी बारसं, म्हणून भावजी आदल्या संध्याकाळी आले, पोरीसाठी चांदीचे वाळे घेऊन. पाळण्याशी बसून बराच वेळ तिची बोटं मोजत होते. त्याच रात्रीच्या उधाणात खांड पडली. आश्विन होता, भात निसवून पिवळं व्हायला आलेलं. पहाटे तुम्ही घराघरांतून माणसं उठवलीत. आई चुलीपुढून म्हणाली, "घरात बारसा, आनि यो काय वाढून ठेवलाय." भावजी तोंड धुऊन तयार उभे. तुम्ही म्हणालात, "जावयानं चिखलात कशाला उतरायचा? तुमी पाव्हनं." ते म्हणाले, "मामा, घरचं काम आहे." आणि कोपऱ्यातलं जास्तीचं घमेलं उचललं. तुम्ही पुढे चालू लागलात. जाताजाता मला बाजूला घेऊन म्हणालात, "त्याला आपली रीत म्हाईत नाय. तू शिकलेली हास, नीट समजावून सांग. घमेल्याचा आदी सांग."

बांधापर्यंत अर्ध्या तासाची वाट होती. मी भावजींच्या मागोमाग चालत होते. दोनदा बोलायला तोंड उघडलं. मला त्यांचं हसू आधीच ऐकू येत होतं, आणि गिरणीत ते चारजणांना ही गोष्ट कशी रंगवून सांगतील तेही. मी त्यांना सांगितलं ते असं, की इथे चिखल फार आहे, जपून. ते म्हणाले, "मेहुणबाई, मी काय मिठाचा आहे?" तेवढ्यात बांध आला. बायका ढेपा पुढे सारायच्या ओळीत उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्यात शिरले. बस्स, एवढंच झालं. कुणाचा जीव जायला यापेक्षा मोठं काही घडावं लागतं, असं मला तोवर वाटायचं.

काम चांगलं झालं. भावजी खाडीच्या बाजूला पुरुषांत उतरून आपल्या माणसांच्या बरोबरीनं ढेपा देत होते, तुम्ही दोनदा त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलंत. साडेआठ-नऊला खांड बुजली. पाणी फिरलं होतं, खाडीच्या मधल्या ओहोळातून वर सरकत होतं. सगळे बांधावर चढले. तुम्ही विचारलंत, "सगली घरा आली?" एकेका घरानं आपलं घमेलं वर करून दाखवलं. आपल्या घराचं तुमच्या हातात होतं, तुम्ही ते वर केलंत. जावई पाहुणा, त्याला घरात धरत नाहीत. त्याचं घमेलं कुणी मोजलं नाही. बारशाला पोरीला मांडीवर घ्यायचं म्हणून भावजी खालीच खाडीच्या बाजूला पाय धुवायला थांबले असणार. ज्या खड्ड्यातून आपण सकाळभर चिखल काढला, त्याच्या काठाशी. आपली माणसं तिथे कधी पाय धुवत नाहीत, चिखल अंगावर घेऊनच घरी येतात. तुम्ही ढेप ठेवलीत, नारळ दिलात, आणि आम्ही निघालो. लख्ख ऊन पडलं होतं. बगळे बसले होते. भीती वाटावी असं आजूबाजूला काही नव्हतं.

पन्नासेक पावलं गेलो असू. "मामा, अहो, जरा थांबा." साधी हाक होती, वाटेत वहाणेचा अंगठा तुटल्यावर मारावी तशी. कुणाची मान हलली नाही. मी बायकांत सगळ्यात मागे होते. माझ्या पुढची म्हातारी पदर कानावर ओढून तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली. परत हाक आली, "मामा, पाय रुतलाय." मग ज्यांची ज्यांची नावं सकाळपासून त्यांच्या कानावर पडली होती, त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून हाक मारली. आणि मग ते हसले. "पुरे आता जावयाची थट्टा," म्हणाले. बाबा, जावयाची थट्टा करायची पद्धत आहेच ना आपल्यात. त्यांना वाटलं, अख्खं गाव मिळून त्यांची गंमत करतंय. मी चालते आहे, माझ्या पायांखालचा बांध ओला आहे, आणि मी मनात म्हणते आहे, घमेलं वाजवा, भावजी, घमेलं वाजवा. कसं वाजवणार? कुणी सांगितलं होतं त्यांना? तुमची पाठ मला पुढे दिसत होती. तुमचे खांदे वर आले होते आणि पावलं मोठी पडत होती. शेवटी हसणं गेलं आणि "मेहुणबाई" अशी एकच हाक आली. त्यानंतर बांध गावाकडे वळतो तिथे आम्ही पोचलो, आणि हाक थांबली. म्हातारी म्हणाली, "गेली. वलनापाशी आली का जाते." सगळ्यांनी श्वास सोडला.

घरी ताई पोरीला घेऊन दारात उभी होती. आमच्या मागे कुणी येतंय का पाहत राहिली आणि मग म्हणाली, "ह्ये कुठं हायत?" तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि तसेच उलटे धावत सुटलात. तोवर पाणी बांधाला लागलं होतं. दुपारच्या ओहोटीपर्यंत तुम्ही तिथे उन्हात बसून राहिलात, कुणाचं पाणीसुद्धा घेतलं नाहीत. पाणी उतरलं तेव्हा भावजी उभेच होते. कमरेच्या वरपर्यंत चिखलात, पुढे घमेलं पालथं घातलेलं आणि त्यावर छाती टेकलेली. आणखी रुतू नये म्हणून त्यांना सुचलं ते त्यांनी केलं होतं. हात लांब करून बांधाला लावले होते, ताज्या चिखलात बोटांच्या खुणा हातभर ओढल्या गेल्या होत्या. तोंड आमच्या वाटेकडे होतं. बायकांना बघू दिलं नव्हतं, पण मी पाहिलं.

तुम्ही मला परसात नेलंत. विचारलंत, "सांगलंस ना त्याला? घमेल्याचा?" मी म्हणाले, "हो." माझ्या आयुष्यात मी इतक्या पटकन कशाचंच उत्तर दिलं नाही, परीक्षेतसुद्धा. तुम्ही तिथंच खाली बसलात आणि म्हणालात, "मंग तो नवता. घमेला छातीखाली हाय आनि वाजवला नाय. त्याचा जीव आदीच गेला असंल. हाक त्याची नवती." ते तुम्ही ताईला सांगितलंत, ताईनं धरून ठेवलं, आणि गावानंही तेच खरं धरलं. पुढे चार वर्षांनी दुसऱ्या एका खांडीत तुम्हीच मांडीपर्यंत रुतलात. तुम्ही घमेलं वाजवलंत, सगळे उलटे धावले, तुम्हाला ओढून काढलं. त्या दिवशी चिखल पुसायच्या आधी तुम्ही ताईकडे जाऊन म्हणालात, "बगितलास? तो असता तर वाजवला असता." ताई त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी वाढत होते. तेव्हा बोलायचं होतं, असं आज वाटतं, पण दोघांच्या तोंडातला तो घास मला काढवला नाही. तुम्ही गेलात तेही याच समाधानात. बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. मी थकले आहे, बाबा. आता सरकारी मजूर यंत्रं घेऊन बांध घालतात, तिथे कुणाला कुणाची रीत सांगावी लागत नाही, आणि मी मात्र रोज सकाळी चाळीस मुलींना खरं बोलावं म्हणून शिकवते.

न सांगितल्याचं तर लिहून झालं. वाटलं होतं, तेवढ्यानं मोकळी होईन. पण पोरीनं विचारलं ते हाकेबद्दल, आणि तिथे अजून एक गोष्ट आहे. वळणापाशी हाक थांबली ना, ती खाडीची म्हणून थांबली असं सगळे म्हणाले. तसं नव्हतं. बांध वळतो तिथून मागची खाडीकडची बाजू उघडी दिसते, आणि मी वळून पाहिलं. ते कमरेपर्यंत चिखलात होते, पाणी अजून हातभर लांब होतं. माझी त्यांची नजरानजर झाली. त्यांनी हात वर केला, मान डोलावली, आणि हाका मारायच्या थांबवल्या. त्यांना वाटलं, मेहुणीनं पाहिलं, आता माणसं येतील. मी तोंड फिरवलं. वळून बघणारीच्या मागे खाडी घरात येते म्हणतात, आणि घरात बारा दिवसांची पोर होती, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरं ते नाही. मी ओरडले असते तर मी त्यांना घमेल्याचं सांगितलं नव्हतं हे तुम्हाला कळलं असतं, एवढंच माझ्या मनात होतं.