मागील निदान कायम

३ मार्च
आजपासून अस्मादिक या रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात ‘वैद्यकीय संकेतक’ या पदावर विराजमान झाले. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानास कोष्टकातला क्रमांक देऊन तो संगणकात चढवणे, हे आमचे पवित्र कार्य. सौभाग्यवतींनी सारांश काढला: म्हणजे लोकांच्या ओकाऱ्यांना नंबर द्यायचे. अज्ञान क्षम्य आहे. माझ्याकडे खरोखरच वांतीचा विभाग आला आहे. खुर्ची उत्तम, खिडकी विशाल, चहा निकृष्ट.

५ मार्च
वांतीलाही गोत्र असते. कोणी अर्धशिशीच्या कुळातली, कोणी जठराच्या, कोणी चक्राकार, म्हणजे ठराविक दिवसांनी उद्भवणारी, एरवी रुग्ण ठणठणीत, कोणी मनोजन्य. डॉक्टरांनी नुसती शंका लिहिली असेल तर ती निदान म्हणून चढवू नये, केवळ ‘उलटी’ नोंदवावी, हा आमच्या शास्त्राचा आद्य दंडक. तथापि प्रमुखबाई म्हणाल्या, भाऊसाहेब, जुना पेशंट असला की वाचत बसू नका, ‘मागील निदान कायम’ हे बटण दाबा. दाबले. एका दिवसात नव्वद फायली! शेवटची एका शिवणकाम करणाऱ्या बाईची: मनोजन्य वमन, सातवी खेप.

२६ मार्च
तीच बाई आज हातात बादली घेऊन माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, साहेब, ते मनाचं आहे असं स्क्रीनवर दिसतं, म्हणून वॉर्डात मला बाकावर बसवतात, सलाईन लावत नाहीत, नाटकं करते म्हणतात. तेवढं खोडता का? अभिलेख अपरिवर्तनीय असतो, असे मी गांभीर्याने सुनावले. ती गेल्यावर फाईल प्रथमच उघडली. पहिल्या पानावर शिकाऊ डॉक्टरांचे अक्षर: ‘मनोजन्य असल्याची शंका.’ शंका! माझ्या पूर्वसुरींनी तिचे निदान करून टाकले. त्यानंतर सहा वेळा बटण. सहावे माझे. प्रत्येक खेप बरोबर एकवीस दिवसांनी, सकाळी साडेसहाला. शेंबड्या पोरालाही चक्र दिसले असते. तळपायाची आग मस्तकात गेली. दुर्दैवाने तळपाय माझाच.

२७ मार्च
दुरुस्तीचा अर्ज दिला. त्याच डॉक्टरांची सही हवी. ते नोकरी सोडून गेले. मग तिने काय करावे, असे मी ओरडलो. प्रमुखबाई म्हणाल्या, चिडू नका, बीपी वाढेल.

१६ एप्रिल
ती बाकावरच गेली. चार तास. सलाईनची बाटली समोरच्या कपाटात होती. परिचारिका म्हणते, स्क्रीनवर तसं लिहिलं होतं. मी लिहिले होते! कप भिंतीवर फोडला. प्रमुखबाईंनी विचारले, आता दुरुस्ती कोणासाठी?

७ मे
तिची फाईल माझ्या टेबलावर. मृतांच्या कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात. आत भरतीचा नवा कागद, ओला, आंबूस वासाचा. तारीख आजची. वेळ साडेसहा. दहावी खेप. मागील निदान कायम. खाली कर्मचारी क्रमांक माझा. मी दाबले नाही. मी आज संगणकाला हातही —

२८ मे
साडेसहा. बत्तीस उलट्या. सौ.ने वॉर्डात नेले. बाकावर बसवले. मी इथे रुग्ण म्हणून कधीच आलो नव्हतो, तरी स्क्रीनवर माझ्या नावापुढे: मनोजन्य वमन, अकरावी खेप. परिचारिकेने सौ.ला समजावले, तुमचे मिस्टर नाटकं करतात. सौ. प्रथमच विनोद करू शकली नाही.

१८ जून
बाक. सलाईन समोर, कपाटात. शेजारी कोणीतरी सरकून जागा दिली — हातात बादली —

सौ. खिडकीशी गेली आहे. माझ्या खुर्चीवर नवा माणूस. इथून दिसतो. ती हात जोडते, फाईल उघडा म्हणते. तो मान डोलावतो — नव्वद व्हायच्यात त्याच्या — बोट उचलले —

वाच. पहिले पान वाच, गाढवा. शंका आहे ती, नुसती शं